स्थलांतरित श्रमिक स्त्री आणि रोगप्रतिबंधक सेवा
(जबलपूर येथील भाषणाचा मजकूर)



रोग बळावल्यावर इस्पितळाचे दार कोणीही ठोठावू शकते. रोग होऊ नये म्हणून मिळणारी सेवा मात्र आधी राहण्याचा पत्ता विचारते.

जबलपुरात विड्या वळणारी स्त्री वर्षानुवर्षे एकाच मोहल्ल्यात राहते. विडी कामगारांच्या दीर्घ लढ्यानंतर १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. त्यातून ओळखपत्रे आणि दवाखाने मिळाले. २०१७ मध्ये उपकर रद्द होऊन त्या निधीचा आधार खचला. तरीही अंगणवाडी आणि आशा सेविका यांना तिचे घर ठाऊक असते.

मंडला, डिंडोरीहून इमारतीच्या कामावर येणाऱ्या गोंड, बैगा स्त्रीला हा आधारही नाही. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. तिने ओलांडली ती केवळ जिल्ह्याची सीमा! १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने वर्षातील ९० दिवसांच्या कामाची अट घातली. ठेकेदार बदलत राहिल्यास त्याचा पुरावा द्यायचा कोणी? गावी सुरू झालेली गरोदरपणाची तपासणी शहरात खंडित होते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये याच राज्यातील शहडोल येथे सुरू झाली. पण तपासणी पथक गावात जाते तेव्हा ती शहरात वाळू वाहत असते.

आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८४ पासून जबलपुरातच आहे. उणीव ज्ञानाची नाही, नोंदीची आहे.

तेव्हा नोंद आणि तपासणी कामाच्या जागीच झाली पाहिजे. स्थानिक विडी कामगार स्त्रीने ही मागणी आपली मानली, तरच ती पदरात पडेल.