गोणी आली नाही तर?

(मॉरिशसमधील एका शेतकऱ्याने प्राथमिक शाळेतील मुलांपुढे केलेले हे भाषण आहे.)



मी भाजीपाला पिकवणारा एक साधा शेतकरी आहे. भाषण करायची मला सवय नाही. पण तुमच्या बाई म्हणाल्या, "मुलांनी शाळेमागे भाजीची बाग लावली आहे. त्यांना खताविषयी चार गोष्टी सांगा." म्हणून मी आलो.

येताना मी दोन वस्तू आणल्या आहेत. ही एक रिकामी गोणी आणि हा डबाभर काळा, भुसभुशीत पदार्थ. वास घेऊन पाहा. पहिल्या पावसानंतर जमिनीला येतो तसा वास आहे ना? हे कंपोस्ट खत. आधी गोणीची गोष्ट सांगतो, मग डब्याची.

मुलांनो, तुम्हांला जसे जेवण लागते, तसे पिकालाही लागते. पिकाच्या जेवणात नत्र, स्फुरद आणि पालाश हे तीन मुख्य पदार्थ असतात. नत्राने पाने हिरवी होतात, स्फुरदाने मुळे जोर धरतात आणि पालाशने झाड कणखर होते. गोणीतल्या खतात हेच पदार्थ असतात. म्हणून ते खत वाईट नाही. पण ती गोणी येते कुठून?

नत्राचे खत कारखान्यात हवा आणि नैसर्गिक वायू वापरून तयार करतात. स्फुरद खास प्रकारच्या खडकांतून मिळते. असे खडक मोरोक्को देशात फार मोठ्या प्रमाणात आहेत. पालाश कॅनडा, रशिया, बेलारूस अशा देशांतल्या खाणींतून निघते. आपल्या बेटावर ना वायूच्या विहिरी, ना या खाणी. म्हणून हे सारे जहाजाने पोर्ट लुईच्या बंदरात यावे लागते. समुद्रापलीकडे काही बिघडले, की त्याची झळ आपल्या वाफ्यापर्यंत पोहोचते.

तसेच झाले. 2020 मध्ये जगभर साथ पसरली आणि जहाजांची वाहतूक विस्कळीत झाली. फेब्रुवारी 2022 मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्यात मोठे युद्ध पेटले. जगभर खतांच्या किमती भडकल्या. त्या वर्षी मी वांग्यांसाठी खत आणायला गेलो. दर वर्षी मी पाच गोण्या आणत असे. त्या वर्षी खिशातल्या पैशांत दोनच आल्या.

आता माझी चूक सांगतो. घरी आलो आणि दोन्ही गोण्या एकाच दिवशी सगळ्या शेतात फेकून मोकळा झालो. वर मातीही ओढली नाही. दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस आला. खत विरघळले आणि पाण्याबरोबर ओढ्याला गेले. पंधरा दिवसांत माझी वांगी पिवळी पडली. त्या वांग्यांच्या पैशांतून मुलीची पुस्तके आणि घराचे पत्रे घ्यायचे होते. रात्री मला झोप येईना.

माझ्या शेजारी एक काकी राहतात. त्यांच्याकडे तर एकच गोणी होती. पण त्यांची वांगी हिरवीगार! मी बांधावर जाऊन विचारले, "काकी, तुम्ही काय केलेत?"

काकी हसून म्हणाल्या, "अरे, तू खत शेताला घातलेस. मी झाडाला घातले."

मग त्यांनी मला सारे दाखवले. काकींनी खताचे तीन वाटे केले होते. एक वाटा लागवडीनंतर रोपांनी मूळ धरल्यावर, दुसरा रोपे वाढताना आणि तिसरा फुले येताना. दर वेळी प्रत्येक झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर छोटी खळी करायची, थोडेसे खत टाकायचे आणि वर माती ओढायची. उघड्यावर पडलेल्या खतातले काही नत्र उन्हात हवेत उडून जाते. मातीखाली ते टिकते. मोठा पाऊस येणार असेल, तर काकी त्या दिवशी खत घालतच नसत.

दोन ओळींमध्ये त्यांनी उसाचे पाचट अंथरले होते. पाचटाने जमिनीत ओल टिकते, तण कमी उगवते आणि पावसाने माती वाहून जात नाही. पुढे ते कुजून त्याचेच खत होते. आपल्या बेटावर ऊस भरपूर, म्हणून पाचटही भरपूर. साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणारी मळीसुद्धा शेतकरी उसाच्या शेतात घालतात. तिच्यात स्फुरद असते.

आणखी एक गंमत. वांग्यांच्या आधी त्या जागी काकींनी घेवडा लावला होता. घेवडा, चवळी, भुईमूग आणि आपण बाजारात जिला आंब्रेवाद म्हणतो ती तूर, या पिकांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतले नत्र घेऊन झाडाला देतात. आपल्या भोवतालच्या हवेत शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नत्रच आहे. पण वांग्याला ते असे घेता येत नाही. घेवड्याच्या शेंगा तोडल्यावर काकी झाडे फेकत नाहीत, मातीत गाडतात. ते कुजले की नत्र पुढच्या पिकाला मिळते.

आणि शेवटी हा डबा! काकींच्या परसात एक खड्डा आहे. कोकणातून या बेटावर आलेल्या आपल्या पूर्वजांच्या घरीही असा उकिरडा असे. "बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते" अशी म्हण आहे. पण नीट काळजी घेतली, तर उकिरड्याचे दैव काही महिन्यांतच उघडते!

तर मग गोणी आजपासून बंद करायची का? नाही, मुलांनो. थोडे गणित करू. पन्नास किलो युरियात तेवीस किलो नत्र असते. शंभर किलो शेणखतात साधारण अर्धा किलोच असते. म्हणजे एका गोणीइतके नत्र मिळवायला सुमारे साडेचार हजार किलो शेणखत हवे! एवढे एका दिवसात कोठून आणणार? 2021 च्या मे महिन्यात श्रीलंकेने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे पीक फार घटले आणि शेतकरी अडचणीत आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठवावी लागली. जमिनीची ताकद वाढवायला वेळ लागतो. म्हणून गोणी हळूहळू कमी करायची आणि तिच्यातला एकही दाणा वाया जाऊ द्यायचा नाही.

त्या वर्षी माझी निम्मी वांगी गेली. घराचे पत्रे राहिले, पण पुस्तके कशीबशी घेतली. दुसऱ्या वर्षापासून मी काकींच्या वाटेने चालू लागलो. आज मला पाचांऐवजी तीन गोण्या पुरतात. उद्या जहाज उशिरा आले, तरी माझे शेत उपाशी राहणार नाही.

आता तुमचे काम. बागेच्या कोपऱ्यात एक खड्डा करा. त्यात वाळलेल्या पानांचा जाड थर द्या. त्यावर केळ्याच्या साली आणि भाजीची देठे यांचा पातळ थर द्या. पुन्हा पाने, पुन्हा साली. मांस, तेलकट पदार्थ आणि प्लॅस्टिक मात्र घालू नका. पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा. अधूनमधून फावड्याने खालीवर करा. खड्ड्यातून ऊब येऊ लागली की समजा, आतले सूक्ष्म जीव कामाला लागले.

डबा तुमच्या बाईंकडे देऊन जातो. आणि ही रिकामी गोणीही इथेच ठेवतो. तिच्यात मैदानावरचा वाळलेला पाला भरा. तीन-चार महिन्यांनी मी पुन्हा येईन. तेव्हा तुमच्या खताचा वास मला घेऊ द्या.

स्वाध्याय

1. शेतकऱ्याची कोणती चूक झाली? तिचा परिणाम काय झाला?
2. "तू खत शेताला घातलेस. मी झाडाला घातले." या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
3. घेवड्याचे फुलावर आलेले एक झाड हळूच मुळासकट उपटा. मुळांवरच्या गाठी मोजा. एक गाठ कापून पाहा. ती आतून गुलाबी दिसली, तर ती काम करत आहे असे समजा.