पाते तुटू नये म्हणून
(शालेय कार्यशाळेतील नक्षीकरवतीविषयीचे भाषण)



जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत, तर धुळे जिल्ह्यात ४. जिल्ह्याचा नकाशा प्लायवूडवर चिकटवून तालुक्यांच्या सीमांवरून कापला, तर भूगोलाचे एक उत्तम कोडे वर्गातच तयार होते. कल्पना जुनी आहे. लंडनचे नकाशाकार जॉन स्पिल्सबरी यांनी १७६०च्या दशकात मुलांना भूगोल शिकविण्यासाठी लाकडी फळीवरील नकाशांचे असेच तुकडे केले होते.

या कामाला नक्षीकरवत लागते. हाताने चालवावयाची ती फ्रेट सॉ आणि विजेच्या मोटारीवर चालणारी ती स्क्रोल सॉ. दोहोंचे पाते साधारण १३० मिलिमीटर लांब आणि अतिशय बारीक असते. चोपडा आणि अमळनेर यांच्यामधून वाहणाऱ्या तापीच्या वळणाशी विद्यार्थी पोहोचतो, आणि नेमके तेथेच पाते कडकन तुटते.

खरा प्रश्न येथून सुरू होतो. पाते तुटले म्हणून मुलाला बोल लावले, तर तो पुन्हा करवतीला हात लावीत नाही. साहित्याची नासधूस होते म्हणून करवत कपाटात गेली, तर साऱ्या वर्गाचे हातकाम थांबते. वस्तुतः पाते तुटण्याची कारणे मोजकी आहेत आणि त्यांतील बहुतेक टाळता येतात.

ताण आणि दिशा

पाते ढिले असेल तर ते लाकडात वाकते. फार ताणले तर थोड्याशा धक्क्यानेही तुटते. बोटाने छेडल्यावर स्वच्छ, उंच नाद निघाला की ताण योग्य समजावा. पात्याचे दात खाली, म्हणजे हातकरवतीत मुठीच्या बाजूला असावेत. दात उलटे बसले तर काम वर उचलले जाते, थरथरते आणि पाते अडकते. पावसाळ्यात पात्यांना गंज चढू नये म्हणून तेलाचा हात लावून ठेवणे चांगले. मात्र बसविण्यापूर्वी दोन्ही टोके कोरडी पुसावीत, नाहीतर ती पकडीतून निसटतात. काम संपताच ताण सैल करावा. यंत्रावरील पाते बदलण्यापूर्वी विजेची जोडणी काढलीच पाहिजे, आणि काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

लाकूड ओळखावे

पात्यांना क्रमांक असतात. क्रमांक वाढला की पाते जाड व रुंद होते. ३ मिलिमीटरच्या प्लायवूडला सामान्यतः १ ते ३ क्रमांकाचे, तर १२ मिलिमीटरच्या फळीला ५ ते ७ क्रमांकाचे पाते चालते. कापताना निदान तीन दात लाकडात असावेत. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत सागवान सर्वांच्या परिचयाचे आहे. सागात सिलिकाचे, म्हणजे वाळूतील द्रव्याचे, सूक्ष्म कण असतात. त्यांनी दात लवकर बोथटतात. प्लायवूडमधील सुकलेला डिंकही तेच करतो. म्हणून नवशिक्यांनी आरंभ मऊ लाकडावर करावा.

वळणावर घाई नको

बोथट पाते कापत नाही, म्हणून मूल अधिक जोर लावते, आणि त्या जोराने पाते तुटते. करवतीने आपल्या गतीने कापावे. हाताने केवळ दिशा द्यावी. तीव्र वळणावर पुढे ढकलणे थांबवून, करवत चालू ठेवून, फळी हळूहळू फिरवावी. पाते पिळले जाता कामा नये. हातकरवतीसाठी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेली आधारफळी टेबलाला घट्ट बसवावी आणि काम खाचेच्या अगदी जवळ कापावे. आधार दूर गेला की फळी हादरते आणि पाते जाते.

कोठे तुटले?

इतकी काळजी घेऊनही पाते केव्हातरी तुटणारच. खडू जसा झिजतो, तसेच पातेही संपते. तेव्हा 'कोणी तोडले?' असे विचारण्याऐवजी शिक्षकांनी 'कोठे तुटले?' असे विचारावे. पकडीजवळ तुटले असेल, तर बहुधा पाते वाकडे बसले होते किंवा ताण अधिक होता. मध्यभागी तुटले असेल, तर बहुधा जोर अधिक झाला किंवा पाते बोथट होते. तुटलेले तुकडे एका डबीत जमा करावेत आणि कारण वहीत नोंदवावे. मग तीच डबी वर्गाचे पाठ्यपुस्तक होते.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून, त्या काळात सुतारासारख्या स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचा विचार मांडला आहे. पंचायतीच्या सदस्यांनी गावच्या सुतारदादांना शाळेत सन्मानाने बोलवावे, आणि शाळेच्या किरकोळ खर्चात डझनभर पात्यांची तरतूद व्हावी असा आग्रह धरावा. पाते पुन्हा आणता येते. पण धाक बसून मागे घेतलेला मुलाचा हात पुढे आणणे फार कठीण असते.