उकिरड्याचे दिवस फिरले, पाटीवालीचे?



आपल्याकडं म्हण आहे, बारा वर्षांनी उकिरड्याचेसुद्धा दिवस फिरतात. म्हण करणाराला उकिरडा दिसला. त्यावर पाटी ओतणारी बाई दिसली नाही. आज मी एवढ्यावरच बोलणार आहे.

आधी लांबचं सांगतो. बर्लिन शहरात एक टेकडी आहे, टॉयफेल्सबर्ग. म्हणजे सैतानाचा डोंगर. देवानं केली नाही, सैतानानंही नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनं शहर भुईसपाट झालं. पडलेल्या घरांच्या विटा, चुना, कौलं, चुली, सगळं उचलून १९५० पासून १९७२ पर्यंत एका जागी ओतलं. कधी कधी दिवसाला आठशे ट्रक. आज ती टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर आहे. तिच्या पोटात हिटलरशाहीचं अर्धवट बांधलेलं लष्करी कॉलेज आहे. ते इतकं मजबूत की पाडणं जमेना, मग गाडून टाकलं. डोक्यावर नंतर अमेरिकन आणि ब्रिटिश लष्करानं चोरून ऐकायची यंत्रं बसवली. आता तिथं लोक फिरायला जातात, पतंग उडवतात.

त्या ढिगाऱ्यात विटा साफ करणाऱ्या बायका होत्या. त्यांचे पुढं जर्मनीत पुतळे झाले. गंमत अशी, की बराचसा ढिगारा कंपन्यांनी आणि यंत्रांनीच हलवला होता, असं नंतरच्या इतिहासकारांनी दाखवलं. म्हणजे तिथं केल्यापेक्षा जास्त मान मिळाला. मिळू द्या, माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आपल्याकडचं आहे.

बर्लिनचं नगरात काय, असं तुम्ही म्हणाल. (कागदावर आता अहिल्यानगर आहे. बोलताना तोंडात नगरच येतं, तेवढं चालवून घ्या.) आपल्या भुईकोट किल्ल्यावर जा. भोवती खंदक. सोळाव्या शतकात हुसेन निजामशहानं दगडी तट चढवला. राजाचं नाव आहे, बुरुजांची गणती आहे. खंदकाची माती टोपल्यांनी वर आणणारांचं नाव नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी काँग्रेसचे बारा पुढारी इथं कोंडले. नेहरूंनी आत फुलांचे वाफे केले आणि लिहून ठेवलं, की जमीन जुन्या बांधकामांच्या राडारोड्यानं भरलेली आहे. त्याच कोठडीत भारताचा शोध लिहिला गेला. मौलाना आझादांनी इथं लिहिलेल्या पत्रांच्या पुस्तकाच्या नावातच गुबार आहे, म्हणजे धूळ. मोठ्या माणसांच्या हाताला लागली की धुळीचंसुद्धा पुस्तक होतं.

आता श्रीरामपूर तालुक्यात चला. प्रवरेच्या काठी दायमाबादचं टेकाड आहे. हे निसर्गाचं नव्हे. माणसं राहिली, भिंती पडल्या, राख, हाडं, खापरं साचली, त्यावर पुन्हा घरं झाली. असं हजारभर वर्षं चाललं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा आणि त्याहून जुना कचरा तो. १९७४ साली एका भिल्ल माणसाला झुडपाचं मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा सापडले. वजन साठ किलोंवर. त्या वस्तू आज मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत काचेआड आहेत.

असल्या मातीला आपले लोक पांढर म्हणतात. शेताची ती काळी, गावठाणाची ती पांढर. गाव आपल्याच कचऱ्यावर उंच होत गेलं आणि आमचा महारवाडा, मांगवाडा पांढरीच्या बाहेर राहिला. गावाचं मेलेलं ढोर ओढायचं, गावाची घाण काढायची आणि गावाबाहेर राहायचं. ही नुसती गरिबी नव्हती. ही वाटणी होती, धर्मानं शिक्का मारलेली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ही मेलेली ढोरं, हे मृतमांस टाकून द्या म्हणून सांगितलं. आणि तेच साल बघा, मुंबई महापालिकेनं देवनारला कचरा टाकायला सुरुवात केली ते १९२७. गावानं सोडवलं त्याला शहरानं धरलं.

बहात्तरच्या दुष्काळात नगर, बीड, सोलापूर, जालन्याकडची माणसं पुण्या-मुंबईला गेली. कुणाला गिरणी मिळाली नाही, त्याला कचरा मिळाला. देवनारचा ढीग कित्येक मजल्यांच्या इमारतीएवढा झाला. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला, तेव्हा मुंबईच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शहराला पहिल्यांदा कळलं, की आपल्या पोटातनं काय बाहेर पडतं. ढिगावरचे लोक त्या धुरात रोज होते, पण तेव्हा ती बातमी नव्हती.

आणि आता उकिरड्याचे दिवस खरोखर फिरले. २०२५ साली देवनारचा सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसायची निविदा निघाली, दोन हजार तीनशे कोटींच्या वरची. खालची काही जमीन धारावी प्रकल्पासाठी ठरली आहे. बायोमायनिंग म्हणतात त्याला. ढीग उकरायचा, वाळवायचा, चाळायचा. माती एकीकडं, विटा-दगड एकीकडं, प्लास्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्टीला. नीट ऐका. हे चाळणं म्हणजे आपल्या बाया पन्नास वर्षं हातानं करत आल्या तेच. हातानं केलं तेव्हा ती घाण होती. यंत्रानं केलं की टनावर बिल निघतं.

माझी मावशी एका शहराच्या डेपोवर भंगार वेचायची. काचेनं पाय कापला, आत पू झाला, म्हणून मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना होता. कारकुनानं तिच्याकडं बघितलं आणि लिहिलं, घरकाम. मी म्हणालो, "साहेब, ती डेपोवर काम करते." तो म्हणाला, "ते काय काम असतं का?" मावशीनं माझा हात दाबला. जाऊ दे, म्हणाली. त्या दिवशी मी जाऊ दिलं. त्याची लाज अजून आहे.

२०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचक हा शब्द होता. त्यांना ओळखा, ओळखपत्र द्या, कामात सामील करा, असं नगरपालिकांना सांगितलेलं होतं. पुण्यात मात्र नियमाच्या आधी बाया उठल्या. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. बहुतेक बाया, बहुतेक दलित. त्यांनी पालिकेकडून ओळखपत्रं मिळवली आणि २००८ मध्ये स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तिथंही सगळं आलबेल नाही, दर कंत्राटाला भांडावं लागतं. पण भांडायला त्यांच्याजवळ कागद आहे.

आपल्याकडं सावेडी, बुरूडगाव ही नावं घेतली की लोक नाक धरतात. तिथं कोण वेचत होतं, कोण वेचतंय, ते आपण मोजायचं. पालिकेची वाट बघायची नाही. उद्या ढीग उपसायचं कंत्राट निघालं आणि आपल्याजवळ यादी नसली, तर हे लोक इथं कधी नव्हतेच असं म्हणायला किती वेळ लागेल?

म्हणून रविवारी सकाळी सातला डेपोच्या रस्त्यावर जमायचं. उन्हाच्या आत. प्रत्येकानं एक वही आणायची. नाव, वय, किती वर्षं काम, कुठली जखम, एवढंच विचारायचं. जात विचारताना मान खाली घालायची नाही आणि समोरचीलाही घालू द्यायची नाही. फोटो विचारून काढायचे. व्यवसायाच्या रकान्यात कचरावेचक असं पूर्ण लिहायचं. आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड कुणाकडं असेल तर घेऊन या, माझ्याकडचं वाळलंय.