ख्रिस्ती विश्वास आणि आपला संसार
(काळाचौकी येथे वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आजच्या व्याख्यानास ‘नित्याच्या जीवनातील ख्रिस्ती विश्वास’ हा विषय दिला आहे. हा विषय उपदेशास सोपा आणि आचरणास अवघड; म्हणूनच बहुधा तो दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या वाट्यास येतो! आम्ही पाळक नव्हे, तेव्हा शास्त्रवचनांचे विवरण करण्याचा अधिकार आमचा नाही. आपल्या घराघरांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते अशा एका दांपत्याची हकीकत, आणि ज्या वस्तीत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो त्या वस्तीतील चार गोष्टी, एवढेच आमचे भांडवल आहे.

ते दांपत्य म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी ह्याच मुंबईत झाला. कवी म्हणून आणि भक्त म्हणून त्यांचा गौरव पुष्कळ झालेला आहे व तो यथायोग्यच आहे. परंतु त्या एका दिवसाने लक्ष्मीबाईंच्या संसाराचे काय झाले, हे आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच सांगितले जाते. नवरा जिवंत असून ह्या बाईला सुमारे पाच वर्षे लहानग्या मुलासह नातलगांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले. पुढे त्या पतीकडे आल्या त्याही आपले सोवळे घेऊनच. एका घरात एक ख्रिस्ती व एक सनातनी, अशी ती विलक्षण गृहस्थी होती. टिळकांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही. तिचा आचार तिला पाळू दिला. आमच्या मते टिळकांच्या ख्रिस्तीपणाची खरी परीक्षा चर्चच्या व्यासपीठावर झाली नाही, ती ह्या दोन चुलींच्या घरात झाली.

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ सालापासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. ज्यांनी ते वाचले असेल त्यांना एक गोष्ट ध्यानात आली असेल. बाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. परंतु जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांच्या मनाने त्यापूर्वीच घेतले होते, आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या त्याआधीच सिद्ध झाल्या होत्या. म्हणजे परक्याच्या हातचे पाणी आधी आणि बाप्तिस्म्याचे पाणी नंतर! आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांत हा क्रम उलटा आहे. बाप्तिस्म्याचे पाणी तीन-चार पिढ्यांपूर्वीच मिळाले. दुसऱ्या पाण्याचा हिशेब अद्याप चालू आहे. त्याकडे आम्ही शेवटी येणारच आहो.

टिळकांचे घर म्हणजे काही शांततेचे मंदिर नव्हते. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होणारा नवरा, वेळीअवेळी येणारे पाहुणे, दुष्काळात व रोगराईत घरी आणलेली परकी मुले, आणि ह्या सर्वांना जेवू घालण्याची चिंता करणारी बायको. त्यांची भांडणे होत, अबोला होई, पुन्हा हसू होई. बाईंनी ते सारे लपविले नाही, सजविलेही नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्या निर्णयाची थोरवी आपण गातो. महिन्याचा पगार बंद झाल्यावर घर कसे चालवावे हा प्रश्न मात्र चुलीपाशी बसणाऱ्या व्यक्तीपुढे उभा राहिला, हे विसरतो.

आता आपल्या वस्तीकडे वळू. नगर, जालना, सोलापूर ह्या भागांतून आपली माणसे पोटासाठी मुंबईस आली आणि लालबाग, काळाचौकी, घोडपदेव, शिवडी येथील चाळींत राहिली. कापसाची गुदामे आणि गिरण्यांचे भोंगे ह्यांच्या मधला हा मुलूख. गावी मिळाला नाही तो मान शहरात मिळेल ही त्यांची आशा. परंतु गिरणीच्या फाटकाच्या आतही जात होतीच. विणकाम खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांस त्या खात्यात शिरकाव नसे, त्यांच्यासाठी कमी मजुरीचे रिंगखाते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगारपुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. नाव बदलून योहान किंवा याकोब झालेल्या माणसास गाववाले त्याच्या जुन्या जातीवरूनच ओळखीत. एका सुताच्या धाग्यास जेवढा विटाळ होई, तेवढा बाप्तिस्म्याने धुतला जात नव्हता.

तरीही ह्याच चाळींनी माणसे जोडली. गणपतीच्या दिवसांत आपल्या मुलांनी आरास करू लागावे, नाताळात शेजारच्या मावशींनी करंज्या तळण्यास यावे, ह्यात कोणास विशेष वाटत नसे. एकाच नळावर रांग आणि एकाच बाजारातील उधारी, तेथे फार दुरावा परवडतही नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्या काळाविषयी भाषणे पुष्कळ झाली, तेव्हा आम्ही एकच गोष्ट सांगतो. एकाच बिऱ्हाडात थोरला भाऊ संपात ठाम राहिला आणि धाकटा, लेकरांच्या तोंडाकडे पाहून, कामावर गेला, असे ह्या भागात एकापेक्षा अधिक घरी घडले. चूक कोणाची, हे ठरविण्यास आम्ही आज उभे नाही. दोघेही रविवारी उपासनेस येत, दोन वेगळ्या बाकांवर बसत, आणि प्रभुभोजनाच्या वेळी मात्र एकाच भाकरीचा तुकडा व एकाच प्याल्यातील द्राक्षारस घेत. भावाशी समेट केल्यावाचून वेदीवर अर्पण करू नये, ही प्रभूची आज्ञा दोघांनाही पाठ होती. काही घरी तो समेट बायकांनी घडवून आणला. पोळीभाजीचे डबे करून ज्या घर चालवीत होत्या त्यांनीच दिराच्या मुलांची ताटेही वाढली. ह्या भागातील खाणावळवाल्या स्त्रियांचे संघटन प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ सालीच उभे केले होते, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. काही घरी समेट झाला नाही. ते भाऊ आज शिवडीच्या दफनभूमीत आहेत.

त्या दफनभूमीविषयी सहज एक सांगतो. गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट तेथेच विसावला आहे. आपले गिरणीतले लोकही त्याच मातीत आहेत. विटेटसाहेबाच्या शेजारास कोणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही!

आता सरकारी कागदाचा अवघड प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ साली त्यांत शीख व १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आले नाहीत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ साली सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. ह्या सर्व वर्षांत कित्येक घरी मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि मंडळीच्या नोंदवहीत दुसरा, अशी स्थिती झाली. अशा बापास ढोंगी म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. गावकुसाबाहेरचे दुःख बाप्तिस्म्याने संपत नाही हे जग जाणते. मग ज्याला मुलाचे शिक्षण आणि तोंडाने केलेली कबुली ह्यांपैकी एक निवडण्याची पाळी आली, त्याचा न्याय ज्याला ती निवड कधी करावी लागली नाही त्याने करू नये. जो खरे लिहून सवलतीस मुकला, त्याच्या मुलाच्या फीची व्यवस्था मंडळीने केली काय, हे मात्र विचारता येईल.

सरकार धर्म पाहून जात नाकारते, ही आपली तक्रार आहे व ती न्याय्य आहे. पण आपल्या संस्थेच्या वधूवर-सूचीच्या अर्जात, नाव, वय, शिक्षण व मंडळी ह्यांच्या खाली, ‘मूळ ज्ञाती’ असा एक रकाना आहे. जुन्या काळी अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत महार घराणी अधिक आली, आणि रेव्हरंड नारायण शेषाद्रींच्या जालन्याकडील कार्यात मांग घराणी अधिक आली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज एका बाकावर बसतात, एक गीत गातात, आणि लग्नाची बोलणी निघाली की वडीलधारी मंडळी हा रकाना प्रथम वाचतात. रकाना असल्याने कोणाचे नुकसान होत नाही, असे काही वडील म्हणतात. गेल्या वर्षी एका पदवीधर मुलीचा अर्ज ह्या रकान्यापाशी कोरा होता, म्हणून तो पूर्ण करण्यासाठी परत पाठविण्यात आला. तिने तो पुन्हा पाठविला नाही. तिचे लग्न कोठे ठरले, हे संस्थेस ठाऊक नाही.

हा रकाना काढावा, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिलेली आहे. पुढील वर्षाचे अर्ज अद्याप छापावयाचे आहेत. आजच्या सर्वसाधारण सभेत, जेवणाच्या सुट्टीनंतर, हा विषय पाचव्या क्रमांकावर आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो उघडपणे मांडावा, एवढीच विनंती. भगिनींनी सुट्टीनंतर घरी न जाता अवश्य थांबावे. मतदान हात वर करून होणार आहे.