बँड दुसऱ्याचा, रचना तिची

आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव मेरी लू विल्यम्स. ती पियानो वाजवायची आणि जॅझ संगीत रचायची. जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. त्यात चाल ठरलेली असते, पण वाजवणारा आपल्या मनाने भर घालत जातो.

मेरीचा जन्म १९१० सालचा. आई तिला मांडीवर घेऊन पायपेटी वाजवायची. एक दिवस पोरीने आईचे सूर तसेच्या तसे वाजवून दाखवले! पुढे घर पिट्सबर्ग शहरात आलं. तिथले गोरे शेजारी यांच्या घरावर विटा फेकायचे. छोटी मेरी त्यांच्याच घरी जाऊन पियानो वाजवू लागली, तेव्हा विटा थांबल्या. लहान वयातच तिच्या वाजवण्याचे पैसे घराला लागू लागले.

तिचा नवरा अँडी कर्क यांच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. त्या बँडसाठी मेरी रचना लिहू लागली. बँडमध्ये दहा-बारा जण असले, तर कोणी कधी वाजवायचं, कोणी थांबायचं, हे आधी बसवावं लागतं. ते काम मेरीचं. पण बँड ओळखला जायचा कर्क यांच्या नावाने. १९३० साली तिच्या एकटीच्या वादनाची रेकॉर्ड निघाली, तेव्हा ‘मेरी लू’ हे नावसुद्धा कंपनीच्या माणसाने ठेवलं.

१९४२ मध्ये तिने तो बँड सोडला. पुढे स्वतःचे वादक जमवले. १९४५ मध्ये बारा राशींवर बारा भागांची मोठी रचना केली. न्यूयॉर्कमधल्या तिच्या घरी थेलोनियस मंक, डिझी गिलेस्पी यांच्यासारखे तरुण वादक येऊन बसायचे, शिकायचे. व्यसनात अडकलेल्या वादकांसाठी तिने जुन्या कपड्यांचं दुकान चालवून पैसा उभा केला. आणि मग स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. तिचं नाव ठेवलं ‘मेरी’!

शेवटची वर्षं तिने ड्यूक विद्यापीठात शिकवलं. १९८१ मध्ये ती गेली. तिच्या रचना आजही वाजतात, तिच्याच नावाने.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आपण एवढं पाहू या. गटाच्या मालाच्या पाकिटावर, पावतीवर, हिशेबाच्या वहीत कुणाचं नाव आहे? आणि काम कुणाचं आहे?