१ नोव्हेंबरला आणखी काय झालं होतं?

(कडोलीतल्या तरुणांसमोर केलेलं भाषण)

कडोलीत बोलायचं म्हटलं की जरा धाकधूकच होते. साहित्य संमेलनं भरवणारं गाव हे, इथं पोकळ भाषण खपत नाही. म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो.

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख तुम्हाला पाठ आहे. त्या दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. आपण काळा दिवस पाळतो, सायकल फेरी काढतो. पण त्याच दिवशी राज्यघटनेत ३५० अ आणि ३५० ब ही दोन नवी कलमं लागू झाली, हे किती जणांना ठाऊक आहे? लाजू नका, मलाही तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्यासाठी जरा मागं जाऊया. ८ डिसेंबर १९४८. देश स्वतंत्र होऊन सव्वा वर्ष झालेलं. संविधान सभेत मसुद्याचं कलम २३ चर्चेला आलं. तेच पुढं कलम २९ आणि ३० झालं. आधी तिथं 'अल्पसंख्याक' हा शब्द होता. तो काढून वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेला 'नागरिकांचा कोणताही गट' अशी रचना केली होती. का, ते बाबासाहेबांनी सभागृहात सांगितलं. धर्मानं वेगळे तेवढेच अल्पसंख्याक, असं त्यांना धरायचं नव्हतं. भाषेनं वेगळे पडलेलेही त्यात यायला हवे होते. उदाहरण कुणाचं दिलं माहितेय? मद्रासहून मुंबईला आलेल्यांचं, आणि महाराष्ट्रातून बंगालात जाऊन राहिलेल्यांचं.

आपण तर कुठं गेलोच नाही की ओ! घर तिथंच, शेत तिथंच, सरहद्द तेवढी अंगावरून गेली.

पण पुढचंही ऐका. त्याच चर्चेत झेड. एच. लारी या सदस्यांनी दुरुस्ती मांडली, की अशा मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या भाषेतून मिळण्याचा हक्क घटनेतच लिहा. ती नामंजूर झाली. या कलमाचा अर्थ बाबासाहेबांनी असा सांगितला: सरकारनं कायदा करून दुसरी संस्कृती लादायची नाही, एवढंच बंधन. त्या भाषेच्या शाळेवर खर्च केलाच पाहिजे, असं बंधन नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

ही उणीव आठ वर्षांनी थोडी भरली. सीमा कशीही आखा, कुणी ना कुणी पलीकडं राहणारच, हे फाजल अली आयोगानं १९५५ च्या अहवालात मान्य केलं आणि अशा लोकांसाठी संरक्षण सुचवलं. म्हणून सातव्या घटनादुरुस्तीत ३५० अ आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्यानं आणि स्थानिक संस्थांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, राष्ट्रपती तसे निर्देश देऊ शकतात. ३५० ब नं त्यावर लक्ष ठेवायला विशेष अधिकारी नेमला.

'प्रयत्न' हा शब्द नीट वाचा. २९ आणि ३० हे मूलभूत हक्क आहेत, त्यांच्यासाठी थेट कोर्टात जाता येतं. ३५० अ तेवढं धारदार नाही. भाषणात सगळं एकाच दमात 'घटनेनं दिलंय' म्हणून ठोकून देतात ना, तिथं समोरचा वकील आपल्याला गप्प करतो. आणि हेच कलम जत, अक्कलकोटच्या कन्नड मुलांचंही आहे. तिथं त्यांची शाळा अडली तर आपण त्यांच्या बाजूनं बोलणार का? माझं उत्तर हो आहे. तुमच्यातल्या काहींना पटणार नाही, चालेल.

सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल येईल तेव्हा येईल. पण शाळा आणि अर्ज आजचे आहेत. एका कार्यालयात माझा मराठी अर्ज कारकुनानं न वाचताच परत सरकवला होता. मी मुकाट्यानं घरी आलो. कलम ३५० तेव्हा माहीत असतं तर आलो नसतो. गाऱ्हाणं मांडणारा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत द्यायचा हक्क त्यात आहे, आणि तो १९५० पासून आहे. उत्तर मराठीत येईल, असं मात्र त्यात कुठं लिहिलेलं नाही.

अर्जाचे नमुने मागच्या बाकावर ठेवलेत. जाताना घेऊन जावा. दोन प्रती काढा, वर कलमाचा आकडा लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.