क्रीडामंडळातील अपघात आणि त्यांची चाहूल



माझे शिक्षण गिरणीच्या फाटकापाशी झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, तिथलाच एक धडा ऐकून घ्यावा.

तरुणपणी मी एका गिरणीत बदली कामगार होतो. यंत्राच्या उघड्या पट्ट्यात शेजारच्या गड्याची बोटे गेली. साहेब म्हणाले, "नशीब त्याचे!" 1948 च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्राला कुंपण घालणे मालकावर बंधनकारक केले होते. ते कलम आम्ही रात्र जागून वाचले, भांडलो, आणि पट्ट्याला जाळी बसली. 'नशीब' या शब्दावरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला.

निदान मला तसे वाटत होते. पुढे मी वस्तीतल्या क्रीडामंडळाचा चिटणीस झालो. एका संध्याकाळी एक पोरगा म्हणाला, "काका, मल्लखांब हालून राहिला." मी म्हणालो, "पावसाळा सरू दे, पाहू." पुरलेले लाकूड मातीच्या रेषेपाशी कुजते, वर मात्र ते तेल पिऊन तुकतुकीत दिसते. आठ दिवसांनी खांब कलंडला आणि त्याच पोराचे कोपर मोडले. हात पुन्हा पुरता सरळ झाला नाही. इस्पितळात त्याच्या आईसमोर माझ्या तोंडून शब्द गेला, "नशीब, बाई." आणि मला त्या साहेबांचा चेहरा आठवला.

मित्रहो, गिरणीत मालकाकडे बोट दाखवता येते. मंडळात मालक आपणच असतो.

आणि धोका केवळ खेळणाऱ्यालाच असतो असेही नाही. नोव्हेंबर 1995 मध्ये आपल्याच शहरात, भारत-न्यूझीलंड सामन्याच्या मध्यंतरात, प्रेक्षकांच्या स्टँडची भिंत कोसळून नऊ जण दगावले. ती माणसे खेळ पाहायला आली होती.

मग धोका ओळखावा कसा? महिन्यातून एकदा दोन-चार मुलांना घेऊन मैदानाला फेरी मारा. वापरणाऱ्याला जे ठाऊक असते ते कार्यकारिणीला नसते. खांब हलवून पाहा, दोर हातातून सरकवून पाहा, कबड्डीच्या मैदानातले खडे वेचा, विजेचे काम वीजतंत्र्याकडून तपासून घ्या. भिंतीला तडा दिसला तर तिच्यालगत बसणे बंद करा आणि जाणकाराला बोलवा. वहीत चार रकाने आखा : काय, कोठे, कोण दुरुस्त करणार, कोणत्या तारखेस. 'पाहू' या शब्दाला रकाना ठेवू नका. कोणी थोडक्यात वाचला तर तेही लिहा. ती अपघाताने आधी पाठवलेली नोटीस असते.

धोका आधी समूळ काढावा. निघत नसेल तर त्याला आड घालावी. सूचनेची पाटी हा शेवटचा उपाय. मे 2013 मध्ये नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हात भर दुपारी सामना ठेवला, तर पाण्याचे माठ वाढवून भागत नाही. वेळच बदलावी लागते.

तो पोरगा आता मोठा झाला आहे. महिन्याच्या फेरीत तोच पुढे असतो. तो "हालून राहिला" म्हणाला, की त्या दिवशी तिथला खेळ बंद. आपल्या मंडळात असा शब्द कोणी टाकला, तर तो त्याच संध्याकाळी ऐकावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.